दोनातलं एक

इराण्णानं फॉर्म पुढं सरकवला, पेनासकट.
खडेबाजारात, चपलांच्या दुकानावर त्याचं ऑफिस.
पंखा फिरला की भिंतीवरचं जहाज हलतं.
'बाई, बोटीवर सगळं आलं. जेवण आलं, नाच आला.
ह्या एका दिवसाचं तेवढं सांगा की,
हिमनदी, नाहीतर फियॉर्ड.
एरडरल्ली ओंदु.'
दोनातलं एक. शुक्रवारपर्यंत.

आमच्या भागात 'हे की ते' असं कुणी विचारलं
तर माणूस आधी मागं वळून बघतो, कोण ऐकतंय.
मुतगेकरांनी बघितलंच.
मग फॉर्म घडी करून खिशात, चष्म्याच्या मागं.

तेहतीस वर्षं मी खानापुरात भूगोल शिकवला.
नदी कोरते ती दरी खाली निमुळती,
हिमनदीची रुंद, तळ कढईसारखा.
बर्फ गेला, समुद्र आत आला, की फियॉर्ड.
तीन मार्कांना.
निळा खडू वर्षाला एकच मिळायचा,
समुद्र मी जपून काढायची.
जांबोटीकडच्या एका पोरानं विचारलं होतं,
'बाई, तुम्ही बघितलीय काय हिमनदी?'
मी म्हणाले, पुढचा प्रश्न.

ह्यांचं म्हणणं फियॉर्ड.
उद्यमबागेत अठ्ठावीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस.
'वितळायचं ते सगळं बघून झालंय माझं.
पैसे भरून परत वितळतानाच काय बघायचं?
उभं पाणी बघू. गप्प बसलेलं.'

उभं पाणी मी बघितलंय.
हिडकलच्या धरणात आत्याचं गाव आहे,
आहे असंच म्हणते मी अजून.
वैशाखात पाणी उतरलं की देवळाचं शिखर वर यायचं,
मग पायऱ्या,
मग आत्या काठावरून बोट दाखवायची,
तो कट्टा, ते कुंभारांचं वळण,
तिथं आमचं परसू, तिथं चिंच.
डोंगर तेच.
मधे भलत्याच कुणाचं तरी पाणी.
फियॉर्ड कळायला मला पुस्तक लागलं नाही.

हे मुतगेकरांना सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर लगेच म्हणाले असते,
बरं, हिमनदी.
आणि तसं जिंकायचं नव्हतं मला.

गुरुवारी शर्वरीचा फोन, तिकडची पहाट.
'आई, दोन्ही सारखंच सुंदर आहे गं.'
सारखं असतं
तर विचारलं असतं का कुणी?

रात्री मीच विचारलं,
ओतलेलं लोखंड थंड होताना आवाज होतो का हो?
बराच वेळ काही नाही.
कानाचं यंत्र काढून वाटीत ठेवलेलं,
वाटलं, पोचलंच नाही.
मग अंधारातून,
'होतो. साच्यात कट्ट करतं.
लांब कुणी सुपारी फोडल्यासारखं.
तेवढा एक आवाज मला अजून येतो.'
आणि कूस बदलून,
'बर्फाचा पण तसाच असतोय काय?'
पुस्तकात नव्हतं, म्हणाले मी.

शुक्रवारी सकाळी फॉर्म टेबलावर,
त्यावर कुंद्याचा रिकामा डबा, उडू नये म्हणून.
हिमनदीपुढं खूण.
पेनानं नाही, पेन्सिलीनं,
इतकी फिकट की खिडकीकडं धरून बघावी लागली.
मुतगेकर फिरायला गेलेले, टोपी विसरून.

देव्हाऱ्याच्या खणात खोडरबर सापडलं,
शाळेतलं, एका बाजूनं काळं पडलेलं.
ते हातात धरून मी तशीच उभी,
आत दूध उतू जाईपर्यंत.